माझ्या रक्तातलं, तिच्या माथी

“तुमच्या मुलीला बाहेरची बाधा वगैरे काही नाही. तिला आजार आहे. आणि तो आज झालेला नाही, जन्मापासून आहे.”

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा दोन हजार एक साल चालू होतं. माझी मुलगी मनीषा एकवीस वर्षांची होती आणि वरच्या मजल्यावर मनोविकारांच्या वॉर्डात होती. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. माझ्या शर्टावर तिने सकाळी थुंकलेल्या पेजेचा डाग होता आणि मला त्याची किळस येत होती. आज लिहिताना किळस येते ती त्या शर्टातल्या माणसाची.

आजाराचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं. ट्वेंटी-टू क्यू इलेव्हन डिलीशन सिंड्रोम. मग मराठीत समजावलं. आपल्या शरीराच्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. मनीषाच्या बाविसाव्या जोडीतल्या एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळलेला आहे. डिलीशन म्हणजे ते गळणं. सिंड्रोम म्हणजे एकाच मुळातून फुटलेल्या अनेक तक्रारी. जन्मतः दुभंगलेली टाळू, हृदयाला छिद्र, गेंगाणं बोलणं, अभ्यासात मागे पडणं, रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन येणारी फिट, आणि आता कानात येणारे आवाज. वीस वर्षं आम्ही ज्यांच्यासाठी वेगवेगळी दारं ठोठावली, ती सगळी दुखणी एकाच घरची निघाली.

“या मुलांना तरुण वयात मानसिक आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाला होतोच असं नाही. पण झाला तर औषध आहे. आई कुठे आहेत?”

“बाहेर बाकावर.”

“आत का नाही आणलं?”

“मुलगी तिला बघून किंचाळते, म्हणून लांब ठेवतो.”

“मुलगी वर वॉर्डात आहे. इथे कोण किंचाळणार आहे?”

सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, लांब ठेवायची आम्हाला सवय झाली होती.

ती आत आली, बसली नाही. पदराचं टोक मुठीत धरून तिने पहिलाच प्रश्न विचारला, “डॉक्टर, पोटुशी असताना माझ्या हातनं कायतरी कापलं गेलं व्हतं. त्याच्यानं झालं का?”

“अजिबात नाही. गरोदर बाईने काय खाल्लं, काय कापलं, कुठे गेली, याचा या आजाराशी काहीही संबंध नाही.”

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर परक्या होत्या. घराने वीस वर्षं ठासून सांगितलेली गोष्ट परक्या बाईच्या एका वाक्याने पुसली जात नाही. तिला माझ्या तोंडून ‘बघ, ऐकलंस ना’ एवढं हवं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

हे कॅलेंडरकडे बघणं नीट सांगायचं तर मागे जावं लागेल.

मी महाडच्या एस.टी. स्थानकात कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते भोंग्यावरून सांगायचं, हे माझं काम. माझा आवाज नाकातून येतो. ड्रायव्हर लोक चहाच्या टपरीवर माझी नक्कल करीत. “ओ कंट्रोलर, सर्दी कधी जाणार तुमची?” मीही हसायचो. शाळेतही मला गेंगाण्याच म्हणत. पुरुषाच्या आवाजाची टिंगल होते. त्यामागे कुणी पाप शोधत नाही.

सुलभा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. घरात म्हशी, शेरडं, डोंगरउतारावर नाचणी. माझ्या आईला ती पहिल्यापासून डोंगरातली वाटायची. ‘हाय’, ‘नाय’ बोलली की आई जोरात ‘आहे’, ‘नाही’ म्हणून दाखवायची.

ऐंशी साली मोठं सूर्यग्रहण लागलं. सुलभाला पाचवा महिना होता. भरदुपारी महाडची बाजारपेठ ओस पडली होती. आईने सुलभाला मधल्या खोलीत बसवून खिडकीला घोंगडी लावली. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, झोपायचं नाही, ही आमच्याकडची पाळणूक. माझ्या वडिलांना पित्ताचा त्रास. उपाशीपोटी त्यांना उमासे यायला लागले. आई देव्हाऱ्यापुढे जप करीत होती. वडिलांनी सुनेला हाक मारली, “सूनबाई, एक लिंबू चिरून दे गं.” सुलभा उठली, लिंबू चिरून त्यांना पाणी दिलं, परत जाऊन बसली. मी ओटीवर होतो. सगळं पाहिलं.

मनीषा जन्मली ती दुभंगलेल्या टाळूची. दूध पाजलं की नाकातून बाहेर यायचं. आईने बाळाचं तोंड उघडून पाहिलं आणि बाळंतिणीला म्हणाली, “चिरलंस ना? घे. चिरलेलीच झाली.”

वडील शेजारच्या खोलीत खाटेवर होते. त्यांना ऐकू गेलं. लिंबू मी मागितलं, असं ते म्हणाले नाहीत. ते जाईपर्यंत म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही.

टाळू पोटात असताना पहिल्या दोनतीन महिन्यांतच जुळते, हे मला डॉक्टरांनी पुढे सांगितलं. म्हणजे ग्रहण लागलं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पण हिशेब करायची इच्छा कुणाला होती? दोष ठेवायला सून होती, तेवढं पुरे होतं.

मुंबईला नेऊन टाळूची शस्त्रक्रिया केली. हृदयाचं छिद्र बारीक होतं, ते आपोआप बुजलं. नंतर एक मुलगा झाला. तो निळा पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हा ग्रहण नव्हतं. तरी आळीतल्या बायका म्हणाल्या, तिचा हातच तसा. त्याच बायका आमच्याकडे हळदीकुंकवाला येऊन सुलभाच्या हातची खिरापत मिटक्या मारत खायच्या. मला त्यांची शिसारी यायची. पण ती शिसारी मी तोंडातल्या तोंडात ठेवली, पानाच्या पिंकेसारखी.

मनीषा मऊ स्वभावाची पोर. दहावीत दोनदा नापास झाली, तरी रुसली नाही. शेजारच्या पोरी नाक दाबून तिच्यासारखं बोलून दाखवायच्या आणि ही त्यांच्यातच हसायची.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना सांगतो. आजाराची सुरुवात आरडाओरड्याने होत नाही. ती थांबण्याने होते. अठराव्या वर्षी मनीषाने केस विंचरणं थांबवलं. मग आमच्याबरोबर जेवायला बसणं थांबवलं. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची आणि मान कलती करायची, शेजारघरात कुणी काही बोलतंय ते ऐकावं तशी. आम्ही म्हणालो, वयात आलीय, लाजतेय. त्या वेळी डॉक्टरकडे नेली असती तर पुढची तीन वर्षं वाचली असती.

एका सकाळी तिने तोंडातला घास ताटात थुंकला. “आईने चिरून घातलंय,” ती म्हणाली. “काय चिरून?” मी विचारलं. “मला.”

कानात बोलणाऱ्या आवाजाला डॉक्टर हॅल्युसिनेशन म्हणतात, म्हणजे जे नाही ते ऐकू येणं किंवा दिसणं. काही केल्या न हलणाऱ्या खोट्या समजुतीला डिल्युजन म्हणतात. मनीषाला आवाज सांगायचा, तुझ्या आईने तुला अर्धी चिरली, उरलेली आता चिरणार आहे. आजाराला आवाज लागतो. शब्द तो घरातून उचलतो. हे शब्द माझ्या आईचे होते आणि मनीषाने ते पाळण्यात असल्यापासून ऐकले होते. आम्ही ते दळण अठरा वर्षं दळलं आणि आजाराने त्याची भाकरी तिच्या पुढ्यात वाढली.

सुलभा स्वयंपाकघरात गेली की पोर थरथर कापायची. विळीचा आवाज आला की कोपऱ्यात तोंड खुपसायची.

माझ्या आईने एका वाडीवरच्या भगताला आणलं. त्याच्या अंगाला आंबूस वास मारत होता. मनीषाला पाटावर बसवून त्याने निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या.

“कोण गो तू? नाव सांग.”

“मनीषा,” ती खोकत म्हणाली.

“बगा, कसा नाकात बोलतंय! पोरीचा आवाज हाय का ह्यो?”

“तिचा आवाज तसाच हाय,” सुलभा दारातून म्हणाली.

“तू गप ऱ्हा गो बाय. तुझ्यामुळंच बसलंय ह्ये पोरीच्या मानेवर.”

मनीषा ओकली. धुरात, मिरच्यांत, ओकारीत तिचे दोन्ही हात कुणी धरले होते? मी. ती सुटायला धडपडत होती आणि मी म्हणत होतो, थोडं सोस बाळ. नोकरीतला, शिकलेला माणूस, रोज वर्तमानपत्र वाचणारा.

मग तिला महाडजवळच्या सव गावी नेलं. गरम झऱ्याच्या पाण्याने अंगातली घाण जाते, असं आईने कुठे ऐकलं होतं. गंधकाच्या वासात तिला कढत कढत पाण्याने आंघोळी घातल्या. कातडी लालभडक झाली. आवाज गेले नाहीत. मग नात्यातले एक गृहस्थ घाटावरचं एक बिजवराचं स्थळ घेऊन आले. “पोरीचं लग्न करा, डोकं ताळ्यावर येईल. त्यालाही दोन मुलांना सांभाळायला बाई हवीच आहे.” त्यांनी आमच्याकडे दोनदा चहा मागून घेतला. मी स्थळाला नाही म्हणालो, तेवढी एक गोष्ट बरी केली. पण ती धैर्याने नाही. मुलगी परत पाठवली तर लोक काय म्हणतील, या भीतीने.

शेवटी भगताने तोडगा काढला. आईची सावली पोरीवरून काढा. आईला, म्हणजे सुलभाला, घरातून हलवा.

आणि मी हलवली. वीस वर्षांच्या संसारातून बायकोला उठवून माहेरी पाठवली. तिने एक पिशवी भरली, मुलीला लांबूनच बघितलं आणि स्थानकात आली. पोलादपूरची गाडी लागली. नोकरीवर मीच होतो. भोंग्यावरून मीच सांगितलं, पोलादपूरला जाणारी गाडी अमुक फलाटाला उभी आहे. ती चढली. खिडकीतून तिने विचारलं, “कदी येऊ?” मी म्हणालो, “कळवतो.”

सात-आठ महिने कळवलं नाही. या काळात मनीषाची भीती गेली का? नाही. सुलभा घरात नसली तरी आवाज घरातच होते. आता ती म्हणायची, आई कौलांवर बसलीय.

पावसाळ्यात एक दिवस तिच्या हाताची बोटं आकसून ताठ झाली, तोंड वाकडं झालं आणि फिट आली. माझी आई पुन्हा भगताचं नाव काढायला लागली. पण महाडचे आमचे डॉक्टर घरी आले, त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. कॅल्शियम फार कमी होतं. ते मला म्हणाले, “कंट्रोलर, यात भूतबित नाही. आत्ताच्या आत्ता मुंबईला न्या.” आजही त्यांचे उपकार फिटलेले नाहीत.

मुंबईच्या वॉर्डाचं वर्णन मी गोड करून सांगणार नाही. फिनेल आणि लघवीचा वास मिसळून जो वास होतो तो नाकातून जात नाही. बाहेर नातेवाईक डबे उघडून बसलेले. कुणी विचारायचं, “पागल है क्या?” जणू गाव कुठलं विचारतोय. महाडहून ओळखीचे केळी घेऊन यायचे आणि दबक्या आवाजात, “अंगात येतं का अजून?” केळी ठेवायचे, बातमी न्यायचे.

पण त्याच वॉर्डात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मनीषाला बोलतं केलं, तिची लांब बोटं पाहिली, टाळूत बॅटरी मारून पाहिली, लहानपणच्या हृदयाबद्दल विचारलं आणि सगळे धागे जोडून तिला जनुकांच्या विभागात पाठवलं. तिथे फिश टेस्ट झाली. नाव माशाचं वाटलं तरी ती रक्ताची तपासणी आहे. पेशींवर रंगाचा ठिपका लावून गुणसूत्राचा ठरावीक तुकडा जागेवर आहे की नाही ते बघतात. सुलभाला आम्ही वाडीवरून थेट इस्पितळात बोलावून घेतलं होतं, आणि बाकावर बसवलं होतं. आता मी सुरुवातीला सांगितलेल्या त्या खोलीत परत येतो.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांचंही रक्त मागितलं. बहुतेक मुलांत हा तुकडा नव्यानेच गळतो, आईबापांत काही नसतं. पण काही घरांत दोघांपैकी एकात तो दोष मुकाट असतो, त्याला स्वतःला फारसा त्रासही होत नाही.

मनीषाला वॉर्डातून सोडलं. परतीच्या गाडीत सुलभा म्हणाली, “माझंच निघंल.” मी म्हणालो, “बघू.”

निकालाला मी एकटाच गेलो.

“पत्नींचं रक्त नॉर्मल आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डिलीशन तुमच्यात आहे. तुम्ही पहिल्या दिवशी बोललात तेव्हाच मला शंका आली होती. तुमच्या आवाजावरून.”

मी निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

“यात तुमचा गुन्हा नाही. पण प्रत्येक गरोदरपणात हे मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. तुमचं दुसरं मूल गेलं म्हणालात, तेही कदाचित यानेच. पत्नींना हे कळायला हवं. मनावर मोठं ओझं आहे त्यांच्या. मी सांगू का?”

“मी सांगतो,” मी म्हणालो.

घरी येऊन सुलभाला सांगितलं, “दोघांचंही नॉर्मल आहे.”

ती म्हणाली, “म्हंजे मंग ग्रहणच.”

एवढं ऐकूनही माझी जीभ हलली नाही. का, ते लिहितो. मला वाटलं, आई म्हातारी आहे, तिला धक्का बसेल. मला वाटलं, नोकरीवर कळलं तर नक्कल करणारे आता काय काय करतील. ही सगळी कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण एवढंच, की दोष दुसऱ्याच्या माथ्यावर असताना घर मला सवयीचं होतं.

मनीषाला वॉर्डातच औषधं सुरू झाली होती. आधी रिस्पेरिडोन, त्याने हात थरथरायचे. पुढे क्लोझापिन. हे औषध घेताना पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना, ते रक्त तपासून सारखं बघावं लागतं. ते टाळू नका. बरोबर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कारण कॅल्शियम घसरलं की फिटही येते आणि मनही बिथरतं. वजन वाढतं, तोंडातून लाळ गळते, लोक बघतात. बघू देत. हळूहळू ती आंघोळ करू लागली, आळीत दुकानापर्यंत जाऊ लागली. सुलभा आता घरीच होती. मनीषा तिच्याकडे पाठ करून बसायची, पण किंचाळायची नाही.

सुलभाने मात्र ‘ग्रहणच’ म्हणाली त्या दिवसापासून विळी हातात घेतली नाही. पालेभाजी हाताने तोडायची. भोपळा, बटाटा आणला की शेजारणीकडून चिरून आणायची. शेजारीण आधी कुरकुरली, मग कुजबुजली, मग सवयीने चिरून देऊ लागली. मी ती भाजी रोज जेवत होतो.

माझी आई वारली. शेवटच्या आजारातही सुलभाने हागणंमुतणं काढलं आणि आई शेवटपर्यंत मनीषाकडे बोट दाखवून म्हणत राहिली, हिच्या आईने ग्रहण पाळलं नाही. मी मनाशी ठरवलं होतं, आईनंतर सांगेन. आई गेली. मी सांगितलं नाही. भित्र्या माणसाला निमित्तांची टंचाई पडत नाही.

मग इस्पितळात अशा मुलांच्या पालकांची सभा झाली. आईबापांनी एकमेकांशी बोलावं, मन मोकळं करावं, म्हणून डॉक्टरांनी ठेवली होती. वर्तुळात खुर्च्या होत्या. कुणी औषधांबद्दल बोललं, कुणी शाळेबद्दल. आणि एकदम सुलभा उठून उभी राहिली. चारचौघांत कधी न बोललेली बाई.

“माझ्या पोरीचं माझ्यामुळं झालं,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “ग्रहणात मी लिंबू चिरलं. आमच्या दोघांच्या रक्तात काय बी नाय निघालं. म्हंजे माझ्या हातचंच. ज्या बाया पोटुशी हायत, त्यांना सांगा, घरचं ऐका.”

डॉक्टरीणबाई समोर बसल्या होत्या. ‘दोघांच्या रक्तात काही नाही’ हे ऐकल्यावर त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. बुटाला काही लागलं की माणूस जसा बुटाकडे बघतो, तसं त्यांनी पाहिलं.

जिन्यात उभं राहून मी सुलभाला सांगितलं. “माझ्यात आहे. तुझ्यात काही नाही. तेव्हाच कळलं होतं. मनीषाचं माझ्याकडून, आणि पोरगं गेलं तेही बहुतेक माझ्याकडून.”

माणसं वरखाली जात होती. ती कठड्याला धरून उभी राहिली. मला वाटलं रडेल. मी तयारीत होतो, धीर द्यायच्या. किती निर्लज्ज असतो माणूस.

“मला जिन्यात सांगता व्हय?” ती म्हणाली. “मला वटीवर बोलत व्हते सगळे. वटीवर, सगळ्यांपुढं सांगा.”

आणि कठडा सोडून ती माझ्यापुढे उतरून गेली.

गौरी जेवणाच्या दिवशी आमच्याकडे सगळे जमतात. माझी थोरली बहीण अक्का, तिची मुलं, चुलतभाऊ. पंगत उठल्यावर पुरुष ओटीवर पान लावत बसले, बायका उंबऱ्याच्या आत. मनीषा खांबाला टेकून बसली होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, तपासणी सांगितली, तुकडा माझ्यात गळलेला आहे हे सांगितलं, लिंबू बाबांनी मागितलं होतं तेही सांगितलं. माझा आवाज नेहमीपेक्षा जास्त नाकात जात होता.

भाचा म्हणाला, “मामा, सणासुदीला कशाला हे? झालं गेलं.”

अक्का सुपारी कातरत होती. तिने वरही पाहिलं नाही. “त्यात नवीन ते काय सांगतोस? तुझ्याही नाकातून दूध यायचं. आई तुला कापसाच्या बोळ्याने पाजायची. मी मोठी होते, मला चांगलं आठवतं.”

आईला ठाऊक होतं. बाळाचं तोंड उघडून ‘चिरलंस ना’ म्हणणाऱ्या बाईला, तिने स्वतः बोळ्याने वाढवलेला मुलगा ओटीवर उभा आहे, हे ठाऊक होतं. अक्काला ठाऊक होतं. मला एकट्याला माझ्या गुपिताची लाज वाटत होती आणि ते गुपित घरातलं जुनं भांडं होतं, सगळ्यांच्या हाताखालचं.

सुलभा उंबऱ्यात आली. सगळ्यांच्या देखत तिने विचारलं, “मंग ह्यांच्या येळी कंचं ग्रहण व्हतं, वन्सं?”

अक्काचा अडकित्ता थांबला. भाचा चप्पल शोधायला लागला. सुलभा आत गेली आणि भांडी गोळा करायला लागली, एरवी करायची त्याहून थोडी जोरात.

त्यानंतर आमच्याकडे गौरीला येणारी माणसं कमी झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्यांना सुनेच्या हातची खीर आणि सुनेचा दोष, दोन्ही एकदम पचत होते, त्यांची पोटं मला आता बघवत नाहीत.

सुलभाने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारण्याचा हक्क माझा नाही. ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते. ‘अवो’ म्हणायची तेव्हा पूर्वी त्यात थोडं हसू असायचं. ते गेलं.

आता शेवटचं, ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय त्यांच्यासाठी. आईबाप दोघांचीही तपासणी करून घ्या, आणि जे निघेल ते त्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा. खरं बोलल्याने हा आजार बरा होतो, असं मी सांगणार नाही. मनीषाला अजून आवाज येतात. बऱ्या दिवशी ती म्हणते, “आज आहेत, पण नदीपलीकडे आहेत.” वाईट दिवशी ते कानाशी येतात आणि तीच जुनी गोष्ट सांगतात.

फरक एवढाच पडला आहे. पूर्वी असं झालं की ती कोपऱ्यात जायची आणि सुलभा मान खाली घालायची. आता सुलभा तिला सांगते, “जा गो, बाबांना विचार.” मग मनीषा जडावलेल्या पावलांनी माझ्यापुढे येऊन उभी राहते आणि विचारते, “बाबा, मला आईने चिरलं?”

मी हातातलं काम ठेवतो. “नाही बाळ. आईने काही केलं नाही. ते माझ्याकडून आलं.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, खरं आहे का ते पारखत. मग जाऊन आईला सांगते, “बाबांकडून आलं.” कधी अर्ध्या तासाने परत येते आणि तेच विचारते. मी पुन्हा तेच सांगतो.